नवी पेठेतलं घड्याळाचं दुकान आणि गाडीच्या चावीचा सेल

गाडीच्या रिमोट चावीचा सेल उतरला असेल तर शोरूमला फोन लावायच्या आधी सोलापूरच्या नवी पेठेत जाऊन या. बाजाराच्या आतल्या गल्लीत, एका जिन्याखाली, घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे कोनाडाच. पाटीवर नाव नाही, पिवळ्या रंगात ‘घड्याळ रिपेअर, सेल मिळतील’ एवढंच लिहिलंय. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणते. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि समोरच्या कापडवाल्याशी कानडी, असं तीन भाषांत त्यांचं काम चालतं. सोलापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही.

माझा शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा आहे. एप्रिल ते जून हा आमचा हंगाम. मोहोळ, बार्शी, तुळजापूर, अक्कलकोट, जिथं शाळा मापं घ्यायला बोलावेल तिथं जायचं. मागच्या सीटवर सॅम्पलचे गठ्ठे, एका हातात मापाचं रजिस्टर, दुसऱ्या हातात पिशवी. हात मोकळा नसतो म्हणून तर बटन-स्टार्टची गाडी घेतली. चावी पर्समधून काढायचीच नाही, दाराच्या मुठीवरचं बारकं बटन दाबलं की दार उघडतं. सवय अशी लागते की चावी नावाची वस्तू आहे हेच माणूस विसरतो.

सेल एकदम संपत नाही. आधी लांबून गाडी ऐकेनाशी होते. पूर्वी शाळेच्या फाटकातून बटन दाबलं की इंडिकेटर लुकलुकायचे, मग निम्मं पटांगण ओलांडावं लागायला लागलं, मग पार बॉनेटपाशी गेल्यावर. मधूनच एकदा झक्कास चालायचं, त्यामुळं वाटायचं की ऊन लागलं असेल, मोबाइल टॉवर जवळ असेल. नंतर डॅशबोर्डवर चावीचं पिवळं चित्र येऊ लागलं. हंगामात कुणाला त्या चित्राकडं बघायला वेळ असतो!

मोहोळकडच्या एका शाळेत, मे महिन्याच्या भर दुपारी, गाडीनं दारच उघडलं नाही. बटन दाबा, मुठीला हात लावा, काही नाही. शाळेचा शिपाई म्हणाला, चावी उन्हात धरा. दुसरा म्हणाला, मोबाइलचा कॅमेरा लावून बटन दाबून बघा, दिवा दिसतो का. हा कॅमेऱ्याचा उपाय टीव्हीच्या रिमोटसाठी ठीक आहे, कारण त्यातून इन्फ्रारेड उजेड निघतो आणि पुष्कळ मोबाइलच्या कॅमेऱ्याला तो दिसतो. गाडीची चावी रेडिओवर बोलते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या चाव्या ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्यात कॅमेऱ्याला दिसण्यासारखं काही नसतं.

तिथून सुटले कशी, ते सांगते, कारण हे सगळ्यांनी आपापल्या गाडीवर एकदा सावकाश करून ठेवावं असं आहे. चावीच्या बाजूला एक खटका असतो. तो सरकवला की आतून साधी, लोखंडी चावी बाहेर येते. माझ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराला किल्लीचं भोक दिसतच नाही, मुठीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी आहे, तिच्या खालच्या खाचेत चावीचं टोक घालून ती उचकटावी लागते. दार उघडलं आणि गाडीनं भोंगा सुरू केला. घाबरायचं नाही. लोखंडी चावीनं दार उघडलं की पुष्कळ गाड्या चोर आला असं समजतात. आत बसायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा, आणि बोटानं स्टार्टचं बटन न दाबता चावीचंच टोक त्या बटनाला टेकवून दाबायचं. गाडी सुरू झाली, भोंगाही बंद.

हे कसं होतं ते मला नंतर अण्णांनी समजावलं. चावीत दोन वेगळे संसार असतात. एक सेलवर चालणारा, जो लांबून दार उघडतो आणि आपण आत बसलोय हे गाडीला कळवतो. दुसरा छोटा चिपचा, त्याला सेल लागतच नाही. स्टार्टच्या बटनाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून त्या चिपला जेमतेम ओळख सांगण्यापुरती वीज मिळते. म्हणून चावी अगदी टेकवावी लागते. काही गाड्यांत बटनाऐवजी कपहोल्डरमध्ये किंवा स्टिअरिंगच्या दांड्यापाशी चावी ठेवायची जागा दिलेली असते. आपल्या गाडीत ती कुठं आहे हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात अजून प्लास्टिकच्या पिशवीत असेल, काढा बाहेर.

सोलापुरात आल्यावर आधी एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. नाव घेत नाही. तिथल्या मुलीनं गाडीचा नंबर विचारला, किलोमीटर विचारले, शेवटची सर्व्हिसिंग कधी केली ते विचारलं, आणि मग म्हणाली, “मॅडम, गाडी आणावी लागेल, चावी प्रोग्रॅमिंगला जाईल, नवीन सेट घ्यावा लागू शकतो.” सेटची किंमत ऐकली आणि त्यात शंभरभर पोरांच्या चड्ड्यांचं कापड येईल हा हिशेब आपोआप डोक्यात झाला. सेल बदलून बघा असं काही तिच्या तोंडून आलं नाही. आमच्या कटिंग मास्टरनं अण्णांचा पत्ता दिला.

आता दुकानाबद्दल. टेबलावर काच, काचेखाली जुन्या घड्याळांच्या डायल, वर वाकलेला दिवा. अण्णा डोळ्याला भिंग लावून बसतात आणि बोलताना ते काढत नाहीत, त्यामुळं एका डोळ्यानंच आपल्याशी बोलतायत असं वाटतं. मी चावी पुढं केली, “सेल बदलायचाय.” त्यांनी चावी हातात घेतली, बटन दाबलं, वरचा तांबडा दिवा लागतो का ते हाताची सावली करून पाहिलं. लागला, पण मंद. मग विचारलं, “दुसरी चावी कुठंय?” म्हटलं, घरी कपाटात. “ती चालते का?” चालत होती. “मग गाडी बरी आहे,” म्हणाले.

हा प्रश्न इतका साधा आहे, आणि शोरूमच्या फोनवर कुणी विचारला नव्हता. दोन्ही चाव्या चालत नसतील तर दोष बहुतेक गाडीत, एकच चालत नसेल तर त्या चावीत.

चावी उघडायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. लोखंडी चावी काढली की आत एक फट दिसते. तिच्यात पेचकस घालायचा, पण आधी पात्याला सुती फडक्याची चिंधी गुंडाळून, म्हणजे प्लास्टिकला ओरखडा पडत नाही. हलकासा पीळ दिला की टक् करून दोन भाग सुटतात. इथं त्यांनी हात थांबवला आणि मला म्हणाले, “ताई, फोटो काढा.” सेलची कुठली बाजू वर होती, रबराची पट्टी कुठून कुठं बसली होती, हे उघडल्या उघडल्या मोबाइलमध्ये घ्यायचं. सेलच्या रुंद चपट्या बाजूला अधिकचं चिन्ह असतं. काही चाव्यांत ती वर येते, काहींत खाली. उलटा बसवला तर चावी गप्प, आणि माणूस म्हणतो नवा सेलही खराब निघाला.

आतून काय निघालं सांगू? कटिंग टेबलावरचा तंतू. आमच्याकडं दिवसभर कापड फाडलं जातं, त्याचा निळा-पांढरा केर पर्समधून त्या फटीत शिरून सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्तीवर बसला होता. अण्णांनी तो चिमट्यानं उचलून काचेवर ठेवला आणि रंग बघून शाळेचं नावसुद्धा बरोबर ओळखलं, त्यांची नात तिथंच आहे.

मग सेल. प्लास्टिकच्या चिमट्यानं, कडेला धरून बाहेर. लोखंडी चिमटा दोन्ही बाजूंना एकदम लागला तर सेल शॉर्ट होतो, म्हणून प्लास्टिकचा. मल्टिमीटर लावला, आकडा आला २.९ व्होल्ट. मी म्हटलं, तीनचा सेल आहे, २.९ म्हणजे चांगलाच की! अण्णा काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून दोन तारांचा एक रेझिस्टर काढला, सेलवर थोडा भार टाकायला, हजार ओहमचा, आणि सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवून पुन्हा मीटर लावला. आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरत २.४ वर आला. नव्या सेलला तसंच लावलं, तो तीनच्या वर ठाम. “नळाला पाणी आहे म्हणायचं, पण धार नाही,” म्हणाले. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे पटवून द्यावं लागत नाही.

भार नसताना जुना सेलही ताठ उभा राहतो, कारण मीटर त्याच्याकडून जवळपास काही मागतच नाही. बटन दाबलं की रेडिओला क्षणभर बराच प्रवाह लागतो, सेल म्हातारा झाला की आतला अडथळा वाढलेला असतो, आणि व्होल्टेज तिथंच कोसळतं. घरी मीटर लावून ‘सेल बरा आहे’ म्हणणारे पुष्कळ जण इथंच फसतात.

पत्त्या कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसल्या, दबलेली पत्ती किंचित वर उचलली, नवा सेल कोरड्या फडक्यानं पुसून बसवला. तेही कारणाशिवाय नाही. हल्ली काही कंपन्या लहान मुलांनी तोंडात घातला तर लगेच थुंकून टाकावा म्हणून सेलवर कडू लेप देतात, आणि काही उपकरणांत त्या लेपामुळं पत्ती नीट टेकत नाही. लेप द्यायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. हा नाण्याएवढा सेल पोरानं गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. अण्णा जुना सेल गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बिस्किटाच्या डब्यात टाकतात. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली.

पैसे? सेल ६० रुपये, मजुरी २०. क्यूआर कोड आहे.

माझ्या चावीला सीआर २०३२ लागतो. तुमच्या चावीला २०२५ किंवा १६३२ लागत असेल, जुन्या सेलवर कोरलेलं असतं. २०३२ मध्ये पहिले दोन आकडे व्यास सांगतात, २० मिलिमीटर, आणि शेवटचे दोन जाडी, ३.२ मिलिमीटर. २०२५ फक्त २.५ मिलिमीटर जाड. दोन्ही तीन व्होल्टचेच, त्यामुळं “बसतोय की, चालेल” म्हणून पातळ सेल खाली चांदीचा कागद घालून बसवणारे महाभाग आहेत. टेबलावर तो चालतोही. मग हैदराबाद रोडच्या खड्ड्यात चावी हादरली की संपर्क तुटतो आणि गाडी म्हणते चावी सापडत नाही. अण्णा असलं काम करत नाहीत. रिचार्ज होणारा, एलआयआर २०३२ लिहिलेला सेलही ते चावीत घालत नाहीत. दिसायला तसाच, पण पूर्ण भरला की चार व्होल्टच्या वर जातो, चावीची ती तयारी नसते.

सेल बदलल्यावर चावीला पुन्हा प्रोग्रॅमिंग लागतं का, हे मी दोनदा विचारलं, कारण फोनवरचं वाक्य कानात होतं. बहुतेक गाड्यांत लागत नाही. ओळख चिपमध्ये कायमची असते, सेल काढल्यानं पुसली जात नाही. घोळ होतो तो वेगळ्या कारणानं. चावी दर वेळी नवा कोड पाठवते आणि गाडी पुढचे काही कोड ओळखायच्या तयारीत असते. घरात पोरगं गाडीपासून लांब बसून बटन दाबत राहिलं की चावी पुष्कळ पुढं निघून जाते, गाडी मागं राहते, मग दोघांची पुन्हा गाठ घालावी लागते. कशी, ते गाडीप्रमाणं बदलतं.

मी बसले होते तेवढ्यात एक गृहस्थ आले, घामाघूम, हातात चावी. पार्क चौकात गाडी बंद पडलेली, दार उघडेना. सेल टाका म्हणाले. अण्णांनी बटन दाबलं, तांबडा दिवा लख्ख. “कशाला सेल टाकता? ही बरी आहे. काल रात्री गाडीचा आतला दिवा चालू राहिला होता का?” गृहस्थ गप्प. मग हळूच म्हणाले, डिकीचं झाकण नीट लागलं नव्हतं. गाडीची मोठी, बारा व्होल्टची बॅटरी उतरली की चावी कितीही ओरडली तरी ऐकायला पलीकडं कोण असणार? अण्णांनी त्यांना लोखंडी चावी काढून दाखवली, बॅटरीवाल्याकडं पाठवलं, एक रुपया घेतला नाही. साठ रुपयांचा सेल खपवणं त्यांना सहज जमलं असतं, त्या माणसानं तक्रारही केली नसती.

आता खटकलेलं. दुकान अकराच्या आधी उघडत नाही आणि दुपारी जेवायला बंद होतं, किती वेळ ते अण्णांच्या भुकेवर. फोन उचलत नाहीत. बसायला एकच स्टूल, तेही त्यांच्या पंख्याच्या वाऱ्याबाहेर. मे महिन्यात तिथं थांबणं म्हणजे शिक्षा आहे. बिल मिळत नाही, धंद्याच्या खर्चात दाखवायचं असेल तर विसरा. नवी पेठेत गाडी न्यायचा विचारही करू नका, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत तर अजिबातच नाही. लांब कुठंतरी लावून चालत या. म्हणजे चावी चालते की नाही हे तिथल्या तिथं कळत नाही, तांबड्या दिव्यावर विश्वास ठेवून परत जावं लागतं. हरवलेल्या चावीची दुसरी करून देणं, चावी गाडीला जोडून देणं ही कामं ते करत नाहीत. ज्या चाव्यांचं कवच कारखान्यातच चिकटवलेलं असतं त्या उघडायलाही नकार देतात.

एका बाबतीत माझं त्यांच्याशी पटलं नाही. मी आणखी एक सेल मागितला, पर्समध्ये ठेवायला. “लागेल तेव्हा या,” म्हणाले. अहो, मोहोळला लागला तर नवी पेठेत कशी येऊ? घरात सावलीत ठेवला तर चांगल्या कंपनीचा लिथियम सेल वर्षानुवर्षं टिकतो, पाकिटावर तारीख छापलेली असते. मी मेडिकलच्या दुकानातून एक सीलबंद घेऊन पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलाय. सुटा ठेवू नका, चिल्लर नाण्यांना लागून उतरतो. गाडीत तर ठेवूच नका. आपल्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढं जातो, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त, आणि उष्णतेनं सेल पडल्या पडल्या झिजतो.

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी चावी दाराशेजारच्या खिळ्याला असायची आणि भिंतीपलीकडं गाडी. मालक जवळ आला की आपोआप दिवे लावणाऱ्या, आरसे उघडणाऱ्या ज्या गाड्या आहेत त्या सारख्या चावीला हाका मारत असतात, चावी प्रत्येक हाकेला उत्तर देते आणि सेल त्यात जातो. आमची त्यातलीच निघाली. खिळा आता स्वयंपाकघराच्या बाजूला ठोकलाय. चावी मोबाइलला चिकटून ठेवायचीही सवय मोडतेय, फोन खेटून असला की चावीला गाडीची हाक नीट ऐकू येत नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बिलासाठी आणि दुपारच्या कुलपासाठी. जाणार असाल तर साडेअकराच्या सुमाराला जा, शनिवार टाळा, दोन्ही चाव्या घेऊन जा, आणि सुट्टे असतील तर तेच द्या, क्यूआरचा स्पीकर वाजेपर्यंत अण्णा तुमचा हात सोडत नाहीत.